स्टॅगहॉर्न फर्न: फळीवरचे अकरा महिने

अकरा महिन्यांपूर्वी तळहाताएवढं रोप लाकडी फळीवर, मॉसच्या गादीवर बांधलं. प्लॅटिसेरियम बायफर्केटम. पूर्व ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढणारा नेचा. बघणारा प्रत्येक जण विचारतो, "बांडगूळ आहे का?" अजिबात नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, हा नुसता आधार घेतो. पाणी पावसाचं, खत वरून गळणाऱ्या पालापाचोळ्याचं.

याला दोन तऱ्हेची पानं येतात, आणि माझी चूक तिथेच झाली. हरणाच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली पानं, म्हणजे शिंगं, सगळ्यांच्या नजरेत भरतात. बुडाशी मात्र गोलसर, ढालीसारखी पानं फळीला बिलगून वाढतात. आधी हिरवी, मग तपकिरी आणि कागदासारखी. तिसऱ्या महिन्यात त्यातलं एक मी वाळलं म्हणून सोलून काढलं. खाली जुन्या पानांचा ओलसर, स्पंजासारखा थर, आणि त्यात घुसलेली बारीक मुळं. त्या झाडाची कुंडीच मी उघडी पाडली होती. पुढचे दोन महिने शिंगं मलूल, नवं पान नाही. नव्या ढालीने ती जागा झाकली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

शिंगांवरची पांढरट लव धूळ समजून पुसू नका. भिंगातून पाहिलं तर चांदणीसारखे केस दिसतात. पानातलं पाणी तेच राखतात.

पाण्यासाठी वार ठरवलेला नाही. फळी उचलून बघते. हलकी लागली की बादलीत पंधरा मिनिटं बुडवते आणि पूर्ण निथळल्यावरच टांगते. सतत ओली राहिली तर बुडाशी काळं पडून कुजतं. उजेड भरपूर, दुपारचं ऊन नको.

नवव्या महिन्यात एका शिंगाच्या टोकाला खालच्या बाजूने तपकिरी मखमल आली. कीड नव्हे, बीजाणू! आणि परवा ढालीच्या कडेखालून नखाएवढं पिल्लू डोकावलं. जंगलात अशा पिल्लांचीच मोठी वसाहत होते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या लॉर्ड हाउ बेटावरच्या वसाहतींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच वसाहतीतली रोपं कामं वाटून घेतात आणि त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, असं आढळलं. ते वाचल्यापासून पिल्लू वेगळं करायचा विचारच सोडला. मोठी फळी मात्र आणून ठेवली आहे.