दगडी काठावर कॅटमरन: उचलावी, पाइपावरून न्यावी की चाकांवर घ्यावी?

इंदूरच्या माणसानं बीच कॅटमरन, म्हणजे जोडअंगाची हलकी शिडाची होडी, घेणं हाच मुळात थोडा उफराटा प्रकार. होडी वाळूसाठी बनलेली, आणि आपल्या वाट्याला नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचा काठ: कुठं मुरूम, कुठं गोटे, कुठं काळी माती. धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर, आणि मे महिन्यात पाणी इतकं मागं हटतं की डिसेंबरची जागा ओळखूही येत नाही. म्हणजे होडी दर खेपेला वेगळ्याच जमिनीवरून न्यावी लागते.

नुसतं ओढणं आधीच बाद करतो. कॅटमरन हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे बांधलेली लाकडं. लाकडाला ओढलं तर काय होतंय? पण आमच्या होबी १६ कॅटमरनचे फायबरग्लासचे जुळे हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी तिची दोन अंगं, तळाशी केळ्यासारखे वाकलेले असतात, सगळा भार हातभर पट्टीवर येतो. पहिल्या वर्षी आम्ही ‘दहा पावलं तर आहेत’ म्हणत ओढली. मागं पाहिलं तर गोट्यांवर खडूनं मारल्यासारख्या पांढऱ्या रेघा. तो खडू म्हणजे आमचा जेलकोट, हलवरचा गुळगुळीत बाहेरचा थर. तो गेला की आतले काचतंतू उघडे पडतात, पाणी पितात, आणि मग नवे थर चढवत बसा.

चौघांनी उचलणं बिनखर्ची, आणि हलला सगळ्यात सुखाचं. वजन १४५ किलो, माणशी छत्तीसेक. पकड आडव्या दांडीला, हलच्या अगदी जवळ. आधी मागची बुचं काढून पाणी गळू द्या, नाहीतर दोन बादल्या पाणीही तुम्हीच उचलाल. अडचण माणसांची आहे. सकाळी होडी पाण्यात घालायला सगळे हजर, संध्याकाळी काढायच्या वेळी तिघं भजी खायला गेलेले. दोघंच जाणार असाल तर हा पर्याय धरूच नका.

पीव्हीसी पाइप स्वस्त आणि गावोगावी मिळणारा. शेतीचा चार इंची पाइप सहा मीटरचा येतो, मधून कापला की तीन मीटरचे दोन तुकडे. होडीची रुंदी २.४१ मीटर, त्यामुळे दोन्ही हल एकाच पाइपावर बसतात. तीन तुकडे हवेत. मागचा सुटला की धावत पुढं आणून घालायचा. टणक, सपाट काठावर काम फक्कड होतं. गोट्यांत मात्र पाइप फिरत नाही, घासतो. उतारावर परत नेताना मागून दोर धरलेला नसेल तर होडी तुमच्याआधी पाण्यात.

माझा कौल रुंद फुगीर चाकांना. महाग आहेत, पण दोघांचं काम होतं: एकानं पुढचं टोक उचलायचं, दुसऱ्यानं चाकं खाली सारायची, पुढच्या आडव्या दांडीच्या जरा मागं, जिथं तोल साधतो तिथं. हवा फक्त २ ते ४ पीएसआय. पंक्चरवाल्याकडे दिलीत तर तो सवयीनं ठासून भरेल. उन्हात उभी करताना त्यातलीही थोडी सोडा.

पैसे वाचवायला आम्ही आधी हातगाडीची चाकं आणि वेल्डिंगचा आस करून घेतला होता. काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतली. त्याहून वाईट म्हणजे हल ज्या खोबणीत बसतो तिची लोखंडी कड हलला टोचत राहिली. दोन पातळ थरांमध्ये फोम असतो, एकाच जागी दाब पडत राहिला की थर फोमपासून सुटतो. आमचा डावा हल तिथं आजही अंगठ्यानं दबतो. घरी करायचंच असेल तर खोबण हलच्या आकाराची, रुंद, आणि आतून जाड गालिचा लावलेली हवी.

ट्रेलर रस्त्यासाठी. तो पाण्यापर्यंत नेला तर गाडीही रुतते. आमची रुतली तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, “भिया, नाव खेत में?”

होबी गेटअवे किंवा वेव्ह घेणार असाल तर त्या पॉलिथिलीनच्या, गोट्यांना कमी घाबरतात. पण माळव्याच्या उन्हात अरुंद आधारावर महिनाभर ठेवल्या की तळाला खळगे पडतात. तिथंही रुंद खोबण हवीच.

कशावरूनही न्या, शीड आणि डोलकाठी आधी उतरवा. काठी ८ मीटरची, बरीचशी अ‍ॅल्युमिनियमची, आणि काठालगतच्या शेतांत पंपांच्या तारा बऱ्याच खाली लोंबतात.