बधुं कव्हर छे : आमच्या आरोग्य विम्याचा सात वर्षांचा हिशेब

कंपनीचं नाव सांगणार नाही. नाव घेतलं की लोक बाकीचं वाचत नाहीत, 'तीच ना, वाटलंच होतं' म्हणून मोकळे होतात. आमच्या पॉलिसीत जे निघालं ते थोड्याफार फरकाने तुमच्याही कपाटात असणार.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पॉलिसी घेतली. मी आणि हे, दोघांची मिळून फॅमिली फ्लोटर, पाच लाखांची. एजंट ह्यांच्या ओळखीतला. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या घरी चहा पिता पिता त्याने सगळं चार शब्दांत समजावलं, "काकी, बधुं कव्हर छे." म्हणजे सगळं कव्हर आहे. मी ३४ वर्षं एका होलसेल पेढीच्या वह्या लिहिल्या. दोन रुपयांचा फरक लागला नाही तर जेवण गोड लागायचं नाही. पण ही ४२ पानं मात्र न वाचता पिशवीत घालून देवघराखालच्या कपाटात ठेवली. बाहेर गुजराती, घरात मराठी आणि पॉलिसी इंग्रजीत. कोण वाचणार?

एक गोष्ट तेवढी तेव्हाच धडपणे केली. ह्यांची बीपीची गोळी चालू होती. एजंट म्हणाला, लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल. मी म्हटलं, चुकीची नोंद मी पेढीवर कधी केली नाही, इथेही करणार नाही. लिहिली. त्यामुळे बीपीशी संबंधित आजारांना विमा लागू व्हायला चार वर्षं थांबावं लागलं. (तेव्हा जास्तीत जास्त ४८ महिने होते, एप्रिल २०२४ पासून ३६ झाले.)

आता ह्यांच्या पित्ताशयातले खडे. शेव-उसळीला दोष द्यायचा नाही असं ह्यांनी मला बजावलंय, म्हणून देत नाही. जुलै २०२५ मध्ये रात्री पोटात कळ आली, सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले दुर्बिणीने काढून टाकू. खड्यांच्या ऑपरेशनला आमच्या पॉलिसीत २४ महिन्यांची प्रतीक्षा होती, ती केव्हाच संपली होती. रुग्णालय कंपनीच्या यादीत होतं. कॅशलेसचा (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला द्यायचं) फॉर्म गेला, मंजुरी तासाभरात आली. नियमही तोच आहे, एका तासात उत्तर द्यायचं. इथे पैकीच्या पैकी गुण. जुनी कागदपत्रं मागितली तेव्हा बीपीची नोंद फॉर्मवर होतीच, त्यामुळे कोणी हू की चू केलं नाही.

घोळ झाला तो खोलीपाशी. दोन जणांची खोली ५,००० रुपये रोज, एकट्याची ७,५००. पुण्याहून नणंद येणार होती. ती म्हणाली, "वहिनी, सोफा असलेली घ्या. अडीच हजारांचा फरक आपण भरू, तीन दिवसांचे साडेसात हजार. दादापेक्षा जास्त आहेत का?" मलाही पटलं. काउंटरवरच्या मुलीने खोली दिली, सही घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोजचे ५,००० आहे, हे तिने सांगितलं नाही. मला ठाऊक नव्हतं. ते सोळाव्या पानावर होतं.

बिल झालं १,१६,८०० रुपये. कंपनीने मंजूर केले ७५,०००. आम्ही साडेसात हजार धरून बसलेलो, भरायला लागले ४१,८००. नणंद सोफ्यावरून उठली ती परत बसली नाही.

घरी येऊन मी बिल पुढ्यात घेतलं, लाल पेन घेतलं. कोडं असं उलगडलं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी नुसता खोलीचा फरक कापत नाही. ५,००० भागिले ७,५००, म्हणजे दोन तृतीयांश. याच प्रमाणात सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळंच कापलं जातं. कारण रुग्णालयात खोली महाग तशी सर्जनची फीही महाग असते. खोली २२,५००, नर्सिंग ३,०००, सर्जन ३६,०००, भूल १२,०००, थिएटर १५,०००, बेरीज ८८,५००. त्याचा तिसरा हिस्सा २९,५०० गेला. रोजच्या अडीच हजारांच्या सोफ्याने एवढं खाल्लं. वाईट वाटलं, पण पॉलिसीत लिहिलं होतं, तक्रारीला जागा नाही.

मग आणखी ४,३००. हातमोजे, मास्क, थर्मामीटर, माझं जेवण, मिनरल वॉटर. न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ नावांची एक ठरलेली यादी असते, तिच्यातले हे. वेगळा हप्ता भरून हेही कव्हर करून घेता येतं म्हणे. थर्मामीटर घरात तीन आहेत, चौथा बिलात आला.

पण हे मिळून ३३,८०० होतात. मग ८,००० राहिले कुठे? ते सापडायला रात्रीचे साडेअकरा वाजले. औषधं १४,२०० आणि तपासण्या ९,८००, मिळून २४,०००. कंपनीने त्यातलाही तिसरा हिस्सा कापला होता. हे चुकीचं. औषधं, वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवायच्या वस्तू आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, असं विमा नियामकाने २०२० मध्येच बजावलेलं आहे. क्रोसिनची गोळी जनरल वॉर्डात आणि डीलक्स खोलीत एकाच भावाची, साधी गोष्ट आहे. आयसीयूच्या खर्चालाही ही कपात लागत नाही.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. रडगाणं नाही, नुसता तक्ता. डाव्या बाजूला बिलातली ओळ, मध्ये कापलेली रक्कम, उजव्या बाजूला का कापता येत नाही ते. दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं, बाराव्या दिवशी ८,००० खात्यात जमा. माफीबिफी नाही. नसतं आलं तर पुढे विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, आणि त्याच्याही पुढे अहमदाबादला विमा लोकपाल. गुजरातसाठी तिथेच जायचं. फी नाही, वकील लागत नाही. मी फाइल तयार ठेवली होती. खरं सांगायचं तर लोकपालाकडे जायला मिळालं नाही याची जरा हुरहुरच वाटली.

डिस्चार्जच्या दिवसाबद्दल थोडं कंपनीच्या बाजूने. डॉक्टरांनी अकरा वाजता घरी जा म्हटलं, आम्ही बाहेर पडलो चारला. रुग्णालयाकडून अंतिम बिल पोचल्यावर तीन तासांत कंपनीने मंजुरी द्यायला हवी. मी कंपनीला शिव्या घालत होते. मग विम्याच्या टेबलावर जाऊन वेळ विचारली, तर बिल पाठवलंच होतं एक वाजता. कंपनीचं उत्तर साडेतीनला आलं, म्हणजे वेळेत. दोन तास त्या टेबलावर गेले. तुम्ही असाल तर अकरा वाजताच जाऊन 'मेल गेला का' विचारत उभे राहा, लाजू नका.

शेजारच्या वहिनींनी विचारलं की २४ तास दाखल नसलं तर काहीच मिळत नाही ना? तसं नाही. मोतीबिंदूसारखी कितीतरी कामं डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात त्यात, धरतात. शिवाय मार्च २०२३ मध्ये आपल्या बडोद्याच्याच ग्राहक आयोगाने, २४ तास भरले नाहीत म्हणून नाकारलेला दावा कंपनीला द्यायला लावला होता. आता उपचार लवकर आटोपतात हेच कारण.

नोव्हेंबरच्या नूतनीकरणाआधी मात्र मी तयारीने बसले. पॉलिसीचं ग्राहक माहिती पत्रक मागवलं. मर्यादा, प्रतीक्षा, काय मिळत नाही, तक्रार कुठे करायची, सगळं थोडक्यात असतं. जानेवारी २०२४ पासून ते द्यावंच लागतं, मागितलं तर स्थानिक भाषेत. मराठी मागून पाहिलं, फोनवरची मुलगी हसली. गुजराती आलं, चालेल. ४२ पानांचं जे मला सात वर्षांत कळलं नाही ते अर्ध्या तासात कळलं.

दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा विचार होता, त्यासाठी नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी अर्ज केलेला बरा. पण आमच्याच कंपनीने जादा हप्ता घेऊन खोलीभाड्याची मर्यादा काढली, म्हणून राहिले. मूळ हप्ता ४१,००० चा ४४,००० झाला, तरी हातातून कमी गेले. गेल्या वर्षी १८ टक्के जीएसटी धरून ४८,३८० भरले होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. खोलीच्या जादा हप्त्याच्या दुपटीहून जास्त कर वाचला. वर १५ लाखांचा सुपर टॉप-अप घेतला, म्हणजे पाच लाखांच्या वरचा खर्च उचलणारी जोड-पॉलिसी. साधा टॉप-अप घेऊ नका. त्यात एकाच वेळचं बिल पाच लाखांच्या वर जावं लागतं, सुपरमध्ये वर्षभराच्या बिलांची बेरीज धरतात. सासूबाई ८४ च्या, त्यांचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून घेतलं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

गुण पाचपैकी साडेतीन. एक सोळाव्या पानासाठी कापला, अर्धा त्या आठ हजारांसाठी.

एजंट दिवाळीला चिवडा घेऊन आला होता. सुपर टॉप-अप त्याच्याकडून घेतला नाही म्हणून जरा फुगलेला. मी कपाटाचं दार उघडून आत चिकटवलेला कागद दाखवला, खोली, प्रतीक्षा, फोन नंबर, सगळं मराठीत. बराच वेळ वाचत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "काकी, आनी झेरॉक्स मळशे?"