ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्नॉलॉजीचा 'आंतरराष्ट्रीय' डिप्लोमा: फी भरण्याआधी हे वाचा

ज्या संस्थेने मला फसवलं तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पद्धत मात्र सविस्तर सांगते. नाव बदलून हेच दुकान दुसरीकडे मांडलं जाऊ शकतं.

जाहिरात मोठी गोड होती. सहा महिन्यांत डिप्लोमा, वर्ग घरबसल्या, मग 'नामांकित हॉस्पिटलमध्ये प्रॅक्टिकल'. वर आणखी आमिष असं, की याच डिप्लोमावर अमेरिकेतली सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टची, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हाताखाली काम करणाऱ्यांची, सीएसटी परीक्षा देता येते. चौकशी केली की फोनचा भडिमार सुरू. "मॅडम, दोनच सीट उरल्यात." प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रिका 'पडताळणीसाठी' ठेवून घेतल्या. पुढे फी परत मागायला गेल्यावर याच गुणपत्रिका अडवून धरल्या, म्हणजे ती पडताळणी कसली होती ते कळलंच.

प्रमाणपत्राच्या नमुन्यावर गोल शिक्क्यांची रांग होती. त्यातला ठळक शिक्का आयएसओ ९००१ चा. ते मानक संस्थेच्या कामकाजपद्धतीचं असतं. कोर्सला मान्यता आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. सीएसटीचा दावा तर सरळ खोटा निघाला. लष्करी प्रशिक्षणासारखे मोजके मार्ग सोडले, तर त्या परीक्षेला बसण्यासाठी सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या अमेरिकेतल्या मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता असलेला कोर्स पूर्ण केलेला लागतो. अशा कोर्समध्ये विद्यार्थ्याने किमान १२० केसेसमध्ये काम करायचं असतं, त्यातल्या ३० जनरल सर्जरीच्या. आमच्या 'आंतरराष्ट्रीय' कोर्समध्ये या १२० चा उल्लेखसुद्धा नव्हता.

प्रॅक्टिकल म्हणजे काय, तर स्ट्रेचर ढकलणं, फाइली पोचवणं, लिनन मोजून लाँड्रीला देणं. ही कामं हलकी आहेत असं मुळीच नाही, पण ती शिकायला कोणी फी भरत नाही. ओटीच्या आत आम्हाला कधी घेतलंच नाही. शेवटी ग्रुपवर भरलेल्या लॉगबुकाचे, म्हणजे कोणत्या ऑपरेशनला काम केलं त्या नोंदवहीचे, फोटो आले. अपेंडिक्स, हर्निया, सिझेरियन, सगळं तारखांसकट. "हे बघून आपापल्या वहीत उतरवा, सह्या आम्ही घेऊन देतो." मी नकार दिला, तर उत्तर मिळालं की सगळीकडे असंच चालतं.

या कामात वहीवरचा खोटेपणा थेट पेशंटच्या अंगाशी येतो. स्क्रब झालेला, म्हणजे हात नीट धुऊन निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घातलेला माणूस हत्यारांची ट्रॉली लावतो, सर्जनच्या हातात योग्य क्षणी योग्य हत्यार देतो आणि निर्जंतुक भागाला स्क्रब न झालेल्या कोणाचाही हात लागत नाही ना, यावर डोळा ठेवतो. गाऊनचासुद्धा समोरून छातीपासून टेबलच्या उंचीपर्यंतचा भाग आणि कोपराच्या जरा वरपासून खालच्या बाह्या, एवढंच निर्जंतुक धरतात. पाठ नाही, काखा नाहीत. मग मोजणी. केस सुरू होण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि कातडी शिवताना मॉप (रक्त टिपायचे मोठे कापडी तुकडे), गॉज, सुया मोजायच्या, त्याही स्क्रब न करता ओटीत फिरणाऱ्या सिस्टरसोबत, मोठ्याने. एक मॉप कमी भरला तर शोधाशोध, तरीही सापडला नाही तर एक्स-रे. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारी पट्टी असते ती याचसाठी. ज्याने कधी स्क्रब केलं नाही त्याच्या नावावर भरलेली वही पाहून उद्या त्यालाच त्या ट्रॉलीपाशी उभं करतील.

माझी वही कोरीच होती, डिप्लोमा मात्र त्यांनी टपालाने पाठवून दिला. तो घेऊन मी एका हॉस्पिटलमध्ये मुलाखतीला गेले. ओटी इन्चार्ज सिस्टरांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ट्रे पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बाळ, तीन नंबरच्या बीपी हँडलला पंधरा नंबरचं ब्लेड लाव." म्हणजे ऑपरेशनच्या चाकूच्या मुठीला पातं बसवायचं. मी बोटांनी ब्लेड उचलायला गेले तसा त्यांनी माझा हात धरला. ब्लेड नीडल होल्डरमध्ये (सुई धरायच्या चिमट्यात) पकडून, धार स्वतःपासून दूर ठेवून, हँडलच्या खाचेत सरकवायचं असतं. बोट लावायचंच नाही. मग स्वतः सुई पकडून दाखवली. सुईच्या दोरा जोडलेल्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर, नीडल होल्डरच्या अगदी टोकाजवळ. ऑनलाइन वर्गात यातलं काहीच नव्हतं, हत्यारांच्या चित्रांखाली नावं तेवढी होती. सिस्टरांनी नोकरी दिली नाही, पण कुठे चौकशी करायची ते सांगितलं. त्यांचे उपकारच.

तुम्ही चौकशी करत असाल तर नोकरीची हमी, परदेश, लॅपटॉप हे सगळं बाजूला ठेवा. कोणत्या ओटीत उभं करणार, किती केसेसला स्क्रब करायला मिळणार आणि लॉगबुकावर सही कोणाची, एवढं लेखी मागा. मान्यता देणारी संस्था कोणती ते विचारा आणि तिच्या स्वतःच्या यादीत कोर्सचं नाव आहे का ते पाहा. संस्थेने पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. मूळ कागद दाखवा, ठेवून येऊ नका.

वकिलाची नोटीस गेल्यावर माझ्या गुणपत्रिका परत आल्या. फीचं अजून काही नाही. मध्यंतरी मैत्रिणीला त्याच नंबरवर फोन करून प्रॅक्टिकलच्या हॉस्पिटलचं नाव लेखी मागायला सांगितलं. तिला उत्तर मिळालं, "ते प्रवेशानंतर कळवतो मॅडम, तोपर्यंत बुकिंग अमाउंट तेवढी टाकून ठेवा."