मेपेन चाचणी-क्षेत्राची अग्निसुरक्षा व भरपाई सेवा : पाचपैकी दोन तारे

जर्मन लष्कराच्या मेपेन येथील चाचणी-क्षेत्रावर 3 सप्टेंबर 2018 रोजी हेलिकॉप्टरमधून रॉकेट डागली गेली आणि उन्हाळाभर वाळलेल्या दलदलीतील पीटने, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराने, पेट घेतला. पीट आतल्या आत धुमसत राहते, वरून पाणी मारले तरी खाली निखारा शिल्लक असतो, म्हणून अशा जागी साखळीपट्ट्यांवर चालणारे खास अग्निशमन वाहन लागते. तेच नेमके दुरुस्तीला गेलेले, पर्यायी वाहन ऐनवेळी बंद पडलेले, आणि चाचणी मात्र ठरल्याप्रमाणे पार पडलेली! एक तारा इथेच गेला. दुसरा गेला दिरंगाईसाठी, कारण एम्सलँड जिल्ह्यात आपत्ती जाहीर व्हायला 21 सप्टेंबर उजाडला. तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी तेथे जाऊन माफी मागितली, लष्कराने रहिवाशांचे दावेही स्वीकारले, हे जमेस धरावे लागेल. तिसरा तारा मात्र मी देत नाही : धुराने काळवंडलेल्या भिंतीची भरपाई देता येते, पण शतकानुशतके साठलेल्या पीटची किंमत दाव्याच्या कोणत्या रकान्यात लिहायची, याचे उत्तर ही सेवा देत नाही.