बारा पेन्सिलींचा संच, आठ महिन्यांनंतर: सगळं अडलं ४बीपाशी

खोक्यावर काय छापलंय ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थेट ४बीवर, म्हणजे संचातल्या एका मऊ, काळ्या पेन्सिलीवर येतो. (बीचा आकडा वाढला की शिसं मऊ आणि काळं, एचचा वाढला की कडक आणि फिकं; एचबी मधली.) मोठ्या माणसांच्या चित्रकला वर्गात आठ जणांकडे हाच संच आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत आठपैकी पाच ४बी आतून तुटलेल्या निघाल्या. टोक करायला घ्यावं तर सेंटीमीटरभर शिसं शार्पनरमध्येच राहतं, पुन्हा करावं तर पुन्हा तुकडा. पेन्सिल बघता बघता अर्धी. दुकानाने बदलून दिली नाही. सील फोडलंय म्हणे. तेव्हा पाचपैकी एकच तारा देणार होतो.

आता अडीच देतो, कारण अर्धा दोष शार्पनरचा निघाला. शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती मिसळून भाजलेली कांडी. माती जितकी कमी तितकं ते काळं, मऊ आणि नाजूक. पातं बोथट असलं की लाकूड कापलं न जाता ओढलं जातं आणि शिशाला पीळ बसतो. एचबी तो सोसते, ४बी नाही. सालपट बघा: पातळ, सलग झालर निघाली तर पातं ठीक; तुकडे आणि भुसा पडला तर पातं गेलं. नवं पातं लावल्यावर दोन पेन्सिली सुधारल्या.

उरलेल्या तीन मुळातच सदोष. मागच्या सपाट टोकाकडे शिसं मधोमध नाही, एका अंगाला सरकलंय. अशीला टोक केलं की एका बाजूने लाकूड टोकापर्यंत येतं आणि छायांकन करताना कागद ओरखडतं. त्यांना कटरच हवा. पातं जवळजवळ आडवं ठेवा, त्याची पाठ पेन्सिल धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पुढे ढकला, पेन्सिल फिरवत राहा. लाकूड अडीच सेंटीमीटर उतरतं, शिसं सेंटीमीटरभर उघडं. शिशाला पातं लावू नका. ते बारीक काचपेपरवर आडवं घासा.

एका शिशासाठी एवढं का? मोठी माणसं पेन्सिल पेनासारखी टोकाजवळ धरतात आणि सही केल्यासारखी दाबतात. पहिले दोन महिने तेच सोडवण्यात जातात: पेन्सिल तळव्याखाली आडवी, हात खांद्यातून हलवायचा, दोन-दोन सेंटीमीटरच्या पाच चौकोनांत फिक्यापासून गडदापर्यंत छटा, दाब न वाढवता थरावर थर. चौथ्या चौकोनाला ४बी लागते. नेमकी तिथे ती तुटली की माणूस एचबी उचलून दाबतो आणि कागदाला चर पडतो. तो खोडरबराने जात नाही, पुढच्या थरात पांढरी रेघ होऊन दिसतो. लहान मूल दुसरी पेन्सिल घेतं. पन्नाशीचा माणूस ‘माझा हातच जड’ म्हणून वही मिटतो, आणि दोष असतो पेन्सिलीचा. हे मला फार लागतं.

बाकी २बी उत्तम, ६बी ठीक. ८बी चकाकते, तिरप्या उजेडात तिचा काळा राखाडी दिसतो. खरा काळा हवा तर चारकोल, म्हणजे कोळशाची पेन्सिल, पण ती ग्रॅफाइटच्या आधी लावा. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत थरावर चारकोल धरत नाही. एचच्या बाजूच्या पेन्सिली आठ महिन्यांनीही जवळजवळ नव्या आहेत, त्यांचे पैसे वायाच.

पुढच्या तुकडीला संच नाही. सुट्या घ्या: २एच, एचबी, २बी, ६बी एकेक, ४बी दोन. घेताना मागचं टोक पाहा आणि काउंटरच्या काचेवर लोळवून बघा, वाकडी असेल ती थडथडते.