सेन्सरचा दिवा की रात्रभर जळणारा? आईसाठी दोन्ही वापरून पाहिले

दिवाळी झाल्यावर एका पहाटे आई मागच्या पायऱ्यांवरून घसरली. हाड शाबूत राहिलं, ढोपर तेवढं सोललं. वय 76. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं कापूस निघाल्यावर पाहू, असं तिनंच परस्पर ठरवलेलं. दारव्हा तालुक्यातलं आमचं घर जुन्या वळणाचं आहे. तिच्या बाजेपासून माजघर, मागचं दार, तीन पायऱ्या, अंगण आणि कोपऱ्यात संडास, अशी एकवीस पावलं. रात्रीतून दोनदा तरी हा फेरा होतोच.

छताला ट्यूबलाइट आहे, पण तिचं बटण दाराजवळ. म्हणजे उजेड करायला आधी अंधारातून चालत जायचं. उशाशी बॅटरी दिली, तर एका हातात बॅटरी, दुसऱ्यात लुगड्याचा काठ, मग भिंत धरायला हात उरत नाही.

म्हणून सेन्सरचे, म्हणजे माणसाची हालचाल टिपून आपोआप लागणारे आणि थोड्या वेळानं विझणारे, चिकटवायचे दिवे आणले, तीन. चार्जिंगवर चालणारे, वायरिंगची कटकट नाही. खरं सांगतो, हिवाळाभर मी गावात त्यांचं कौतुक करत फिरलो. बटण नको, लक्षात ठेवायला नको, लाइन गेली तरी फरक नाही. शिवाय माजघरातला दिवा लागला की माझ्या खोलीत फटीतून उजेड येतो आणि आई उठली हे कळतं. ही सोय मला अजूनही आठवते.

आई मात्र पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती, "पाय टाकल्यावर उजेड पडते, मंग त्याचा काय उपेग?" मी हसून सोडून दिलं.

एका रात्री तिच्यामागे गेलो तेव्हा समजलं. संडासचा दरवाजा बंद झाला की बाहेरच्या दिव्याला ती दिसत नाही. अर्ध्या मिनिटात तो विझतो. ती बाहेर येते ती काळोखात, आणि दिवा लागतो तिनं पाऊल उचलल्यावर. आमच्याकडे नेमकी तिथंच एक बोटभर उंच कड आहे. बाजेवरही तोच प्रकार. ती उठून बसते, दोन मिनिटं तशीच टेकून राहते, चष्मा चाचपते. तेवढ्यात दिवा मालवतो, मग ती हात हलवून त्याला जागं करते. माणूस स्वस्थ बसला की या यंत्राच्या लेखी तिथं कोणी नसतंच. म्हाताऱ्या माणसाला तर उठल्या उठल्या स्वस्थ बसायला सांगतात.

मे महिन्यात आणखी एक तऱ्हा. हे सेन्सर अंगाची ऊब आणि आसपासची ऊब यांतला फरक टिपतात. आपल्याकडे पारा 45 च्या वर गेला की भिंती रात्रीही भट्टीसारख्या धगधगतात, फरक उरतोच किती? पुष्कळदा आई अगदी जवळ जाईपर्यंत दिवा ढिम्म. त्यातून हा सेन्सर समोरून आडवं जाणारं माणूस चटकन ओळखतो, सरळ अंगावर येणाऱ्याला उशिरा. आमचे दिवे पायवाटेच्या शेवटी, समोर लावलेले. ती चूक माझी. बाजूच्या भिंतीवर लावले असते तर कदाचित माझं मत थोडं मवाळ असतं.

आता दुसरा पर्याय, अर्ध्या वॉटचा रात्रभर जळणारा एलईडी दिवा. साधा, सॉकेटमध्ये खोचायचा. वीजबिलाची धास्ती सोडा. जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, खायचा 12 ते 15 वॉट. हा रोज दहा तास धरला तरी महिन्याला 0.15 युनिट.

मी पिवळ्या उजेडाचे घेतले आणि गुडघ्याच्या खालच्या उंचीवर लावले. उजेड खालून, बाजूनं आला की पायरीच्या कडेची सावली पडते आणि ती कड उठून दिसते. झोपेतून उठलेल्या डोळ्यांवर पांढरा झोत आला की क्षणभर काहीच दिसत नाही. तरण्या माणसाचं निभावतं, पण वयानं बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं, उजेड-अंधाराशी जुळवून घ्यायला डोळ्याला वेळ लागतो. अंगणात पिवळ्याचा आणखी एक फायदा, पावसाळ्यात किडे कमी येतात. किडे आले की बेडूक येतात आणि बेडकांमागे कोण येतं ते आपल्याकडे सांगायला नको.

याची खोट उघड आहे. लाइन गेली की हा गेला, आणि आमच्या डीपीचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, स्वभाव तुम्हाला ठाऊकच असेल. म्हणून माजघरात आणि संडासबाहेर एकेक चार्जिंगचा बल्ब लावला, लाइन गेली की आपोआप पेटणारा. त्याचं बटण मात्र चालूच राहिलं पाहिजे. आमच्या घरात कोणी ना कोणी "दिवसा बत्ती काहून सुरू?" म्हणून ते बंद करायचंच आणि रात्री बल्ब उपाशी. शेवटी संडासबाहेरच्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि माजघरातला बल्ब थेट जोडून घेतला. दीड-दोन वर्षांत बॅटरी थकते असं दुकानदार म्हणाला, तेवढं धरून चाला.

तुमच्याकडे संडास घरातच असेल, वाट चार पावलांची असेल, किंवा रात्रभर उजेड असला की झोप लागत नाही अशी तक्रार असेल, तर सेन्सर वाईट नाही. आईनंही पहिले दोन दिवस कुरकुर केली, मग दिवा बाजेच्या पायथ्याआड सरकवला. आता डोळ्यावर येत नाही, जमीन तेवढी दिसते. पायऱ्यांच्या कडांना चुन्याचा चार बोटं पट्टा ओढला, तो या सगळ्यात स्वस्त निघाला.

सेन्सरचे तीनही दिवे गोठ्याकडे गेले. तिथं मांजर गेली तरी लागतात.