मट आणि मराठी पत्रव्यवहार: सव्वा वर्षाचा अनुभव

गेली पंधरा वर्षे मी नारायण पेठेतल्या घरी बसून प्रकाशकांसाठी मुद्रितशोधनाचे काम करतो. पूर्वी मुद्रितांचे गठ्ठे अप्पा बळवंत चौकातून पिशवीत घालून आणावे लागत. आता ती ई-मेलने येतात आणि एका पुस्तकामागे लेखक, संपादक, अक्षरजुळणीकार आणि मुद्रक यांची मिळून साठ-सत्तर पत्रे सहज होतात. ब्राउझरमध्ये हा पसारा उघडला की माझा चार जीबीचा जुना लॅपटॉप धापा टाकू लागे. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या भाच्याने ते पाहून सुचवले, ‘मामा, तू मट वापरून बघ, पण पहिला आठवडा मला शिव्या देशील.’ शिव्या दिल्या, आणि सव्वा वर्षानंतरही मट वापरतो आहे.

मट हा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत चालणारा, चित्रे आणि बटणे नसलेला ई-मेल प्रोग्राम मायकेल एल्किन्स यांनी 1995 मध्ये लिहिला. तो मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि 2020 मध्ये त्याची 2.0 ही आवृत्ती आली. ‘सगळेच ई-मेल प्रोग्राम भिकार असतात, हा जरा कमी भिकार आहे’ अशा अर्थाचे त्याचे घोषवाक्य आहे. स्वतःविषयी इतके खरे बोलणारे उत्पादन माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

डेबियन या लिनक्स प्रणालीवर तो एका आज्ञेत बसतो, पण उघडल्यावर समोर रिकामा पडदा येतो, कारण खाते कोणते, सर्व्हर कोणता, मसुदे कुठे ठेवायचे हे सारे आपणच ‘मटआरसी’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे असते. माझे खाते जीमेलचे आहे. तिथे नेहमीचा पासवर्ड बाहेरच्या प्रोग्रामला चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. तो पडद्यावर चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. मी तो तसाच, मधल्या मोकळ्या जागांसकट आणि अवतरणचिन्हांशिवाय फाइलमध्ये उतरवला, तेव्हा मटने चौथ्या ओळीत चूक असल्याचे सांगून पासवर्डातली दुसरी चार अक्षरे ‘अनोळखी चल’, म्हणजे माहीत नसलेले सेटिंग, म्हणून माझ्यापुढे ठेवली. एकाच ओळीत अनेक गोष्टी ठरवण्याची सोय असल्यामुळे पहिल्या मोकळ्या जागेनंतर पासवर्ड संपला आणि नवे नाव सुरू झाले, अशी त्याची रास्त समजूत झाली होती. मोकळ्या जागा काढल्या आणि खाते उघडले. हा पासवर्ड साध्या मजकुरात पडून राहणे मला पसंत नव्हते, म्हणून पुढे तो जीपीजी या कूटबद्ध करणाऱ्या प्रोग्रामने कुलूपबंद केलेल्या फाइलमध्ये हलवला. मट ती फाइल वाचू शकतो.

पत्र पाठवण्यापाशी पुन्हा अडलो. 587 क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी साधी सुरू होऊन नंतर सुरक्षित होते, तर 465 वर ती पहिल्यापासूनच सुरक्षित असते. सर्व्हरच्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘एसएमटीपी’ लिहायचे की त्या शब्दाच्या शेवटी आणखी एक ‘एस’ जोडायचा, हे त्यावर ठरते. मी पोर्ट एक आणि पत्त्याची सुरुवात दुसऱ्याची अशी मोट बांधली होती. पत्रे जाऊ लागल्यावर प्रत्येक पाठवलेल्या पत्राच्या दोन प्रती दिसू लागल्या, कारण एक प्रत जीमेल स्वतः ठेवते आणि दुसरी मट ठेवत होता. ‘रेकॉर्ड’ हे सेटिंग रिकामे केल्यावर दुसरी प्रत बंद झाली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळले ते मसुद्यांनी. पत्र अर्धवट ठेवू म्हटले की मट दर वेळी मसुद्यांचा फोल्डर नव्याने तयार करू का असे विचारी, आणि फोल्डर तर जीमेलमध्ये समोर दिसत असे. दोन संध्याकाळी घालवल्यावर उलगडा झाला की जीमेल आपल्या मूळ फोल्डरांची नावे खात्याच्या भाषेप्रमाणे बदलते. माझ्या खात्याची भाषा मराठी होती, आणि मी सेटिंग मात्र इंग्रजी नावांनी केले होते. मराठीप्रेम सोडवेना, म्हणून मी खात्याची भाषा न बदलता फाइलमध्येच मराठी नावे लिहिली, आणि ती चालतात.

मराठी मजकूर मात्र इतक्या सहजासहजी सुधारला नाही. सुरुवातीला विषयांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगाच दिसत होत्या. यंत्रणेचे लोकेल, म्हणजे भाषा व अक्षरसंचाचे सेटिंग, यूटीएफ-8 केल्यावर अक्षरे आली. पण एक्सटर्म या टर्मिनलमध्ये जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येऊन बसते. शिवाय कोणत्या चिन्हाला किती रकाने द्यायचे याबाबत मट आणि टर्मिनल यांचे एकमत नसले की, पाठवणाऱ्याचे नाव देवनागरीत असलेल्या पत्राची पुढची सगळी ओळ एक-दोन घरे सरकते. एमएलटर्म हे भारतीय लिपी नीट मांडणारे टर्मिनल घेतल्यावर वाचन सुसह्य झाले. यादीसाठी मी नेहमीच्या लोकांची टोपणनावे रोमन अक्षरांत नोंदवली आणि ‘रिव्हर्स एलियस’ चालू केले, त्यामुळे यादीत ती रोमन नावे दिसतात व रकाने सरळ राहतात. मराठी माणसाने मराठी नावे रोमनमध्ये लिहायची ही तडजोड मला आजही खटकते.

लिहिण्यासाठी मी जीव्हिम हा बाहेरचा मजकूर-संपादक वापरतो. तो पहिल्यांदा जोडला तेव्हा पत्र लिहून पूर्ण होण्याआधीच मटने ‘काही बदल नाही, पत्र रद्द’ असे सांगून टाकले. जीव्हिम पार्श्वभूमीला जाऊन मटकडे लगेच ताबा परत देत होता. ‘एफ’ हा पर्याय दिल्यावर तो शहाण्यासारखा थांबू लागला. एचटीएमएल पत्रांसाठी मेलकॅप या, कोणता मजकूर कशाने उघडायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये डब्ल्यूथ्रीएम या मजकुरी ब्राउझरची ओळ घालावी लागते, आणि तिच्यात ‘कोपियसआउटपुट’ हा शब्द घालायचा राहिला तर आपोआप उलगडा होत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, तर शोधासाठी. ‘एल’ दाबून पाठवणारा, विषय, तारीख यांची अट एकत्र घालता येते. एका लेखकाची गेल्या महिन्यातली, जोडपत्र असलेली पत्रे क्षणात समोर येतात आणि त्यांना एकदम खूण करून एका फोल्डरात टाकता येते. पत्राच्या मजकुरात शोधायचे असेल तर टिल्डऐवजी (~) बरोबरचे चिन्ह (=) वापरावे, म्हणजे शोध सर्व्हर करतो. टिल्ड वापरले तर मट एकेक पत्र खाली उतरवत बसतो. शीर्षकांचा साठा संगणकावर ठेवण्याची सोय चालू केल्यावर हजारो पत्रांची पेटीही लवकर उघडते. मटचा मोठा दोष असा की इंटरनेटचे जाळे मध्येच तुटले तर तो उत्तराची वाट पाहत गोठून राहतो. जुलैत आमच्या गल्लीतली तार झाडाच्या फांदीखाली तुटली तेव्हा हे दिवसभर भोगले, आणि त्यानंतर एमबीसिंक या वेगळ्या प्रोग्रामने पत्रे लॅपटॉपवर उतरवून मटला तीच दाखवू लागलो.

जिला दिवसाला चार पत्रे येतात आणि त्यांतली दोन बँकेची असतात, अशा व्यक्तीला मी मट सुचवणार नाही. ज्याचा धंदा पत्रांवर चालतो आणि ज्याला आठवडाभराची झटापट चालते, त्याने मात्र जरूर बसवावा, आणि मराठीसाठी आधी टर्मिनल निवडावे. एमएलटर्म घेण्यापूर्वी एका कादंबरीकाराच्या पत्रातल्या उताऱ्यात मला ऱ्हस्व वेलांटीच्या अकरा चुका दिसल्या होत्या. त्या सगळ्या एक्सटर्मच्या होत्या, पण शुद्धलेखनावर दोन परिच्छेद लिहून मी उत्तर पाठवूनही दिले होते. आता शंका आली की पत्राचा भाग जीव्हिममध्ये उघडून पाहतो, आणि मगच पेन्सिल उचलतो.